शेवटच्या खांबावरचा दाब



छतावरच्या सौरविजेविषयी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे बोलले आणि लिहिले गेले, त्यात अनुदान, वीजबिल आणि भांडवल किती वर्षांत फिटते, या तीन गोष्टींना मानाचे पान मिळाले आहे. ही वीज ज्या तारेतून घराबाहेर पडते, त्या तारेची मात्र कोणी फारशी दखल घेतलेली नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ती तार आहे, आणि नेमके सांगायचे तर तिच्यावरचा विद्युतदाब, ज्याला घरोघरी ‘व्होल्टेज’ म्हटले जाते. छपराचा मालक ठरलेला असतो आणि त्यावर पडणारे ऊनही एका अर्थाने त्याच्या मालकीचे असते. परंतु गल्लीतल्या तारेवर दाब किती वर जाऊ द्यायचा, याला एक मर्यादा आहे आणि त्या मर्यादेच्या आतली जागा साऱ्या गल्लीची मिळून एकच आहे. ही जागा कोणी, किती आणि कोणत्या हक्काने वापरायची? हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो, पण तो शेवटी वाटपाचा प्रश्न आहे.

आधी मर्यादेविषयी. घरातल्या प्रत्येक उपकरणाची घडण एका ठरावीक दाबासाठी केलेली असते. दाब कमी पडला की पंपाची मोटर गुरगुरते आणि तापते. दाब वाढला की फ्रिजपासून एलईडी दिव्याच्या आतल्या इवल्याशा सर्किटपर्यंत सर्वांवर ताण येतो. साध्या तापणाऱ्या कॉइलचे गणित तर विशेष बोलके आहे, कारण तिची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि दाब 10 टक्क्यांनी चढला की ती 21 टक्के जास्त वीज ओढते. म्हणूनच 1956 च्या भारतीय वीज नियमांनी लघुदाबाच्या ग्राहकाला घोषित दाबापेक्षा 6 टक्क्यांहून अधिक फरक जाणवता कामा नये, असे बंधन घातले होते. घोषित दाब 240 व्होल्ट धरला तर ही पट्टी सुमारे 226 ते 254 व्होल्टची होते. तिची एकूण रुंदी तीस व्होल्टसुद्धा भरत नाही. या व्याख्यानात पुढे जे काही येणार आहे, ते सारे या अरुंद पट्टीच्या आत घडते.

आता त्या पट्टीत जुन्या यंत्रणेने स्वतःला कुठे उभे केले, हे पाहणे आवश्यक आहे. गल्लीच्या तोंडाशी जे रोहित्र असते, ज्याला गावात आणि शहरातही सरसकट ‘डीपी’ म्हणतात, ते 11,000 व्होल्टचा दाब उतरवून 433 व्होल्ट करते. घरगुती वीज 415 व्होल्टच्या तीन फेजांमधून येते असे पाठ्यपुस्तक सांगते. मग डीपीवर 433 हा आडनिडा आकडा कशासाठी? तीन फेजांच्या हिशेबाप्रमाणे 433 ला तीनच्या वर्गमुळाने भागले असता उत्तर बरोबर 250 येते, म्हणजे भार नसताना डीपीतून निघणारी वीज प्रत्येक घराकडे 250 व्होल्टने निघते. हे मुद्दाम केलेले आहे. डीपीवर भार आला की तिच्या स्वतःच्या आत काही व्होल्ट खर्च होतात, पुढे तारेत प्रत्येक खांबागणिक आणखी काही गळतात, आणि शेवटच्या खांबावरच्या घराला निदान पट्टीच्या तळाशी तरी ठेवता यावे, म्हणून सुरुवातच पट्टीच्या माथ्यापासून केली जाते. त्या काळी काळजी एकच होती, आणि ती म्हणजे शेवटचे घर. ज्या पिढीने संध्याकाळी सात वाजता मंदावलेला पंखा आणि दूरचित्रवाणी संचाखाली ठेवलेला स्टॅबिलायझर पाहिला आहे, तिला ही काळजी किती रास्त होती हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या मांडणीला एक गृहीतक होते: वीज नेहमी डीपीकडून घराकडेच वाहील. छतावरच्या पॅनेलने हे गृहीतक उलटवले. इन्व्हर्टर हे पॅनेलची एकदिश वीज घरच्या प्रत्यावर्ती विजेत बदलून तारेत सोडणारे यंत्र. त्याला आपली वीज बाहेर ढकलायची असेल तर स्वतःच्या टोकाशी तारेपेक्षा किंचित जास्त दाब निर्माण करावा लागतो, जसे भरलेल्या टाकीत खालून पाणी चढवायचे तर पंपाला त्या पाण्याच्या उंचीवर मात करावी लागते. म्हणजे दाब आता डीपीकडून शेवटाकडे उतरत नाही, तर दुपारी शेवटाकडून डीपीकडे उतरतो. आणि डीपी कुठे उभी आहे? 250 वर. दुपारी घरे रिकामी असतात, भार नगण्य असतो, त्यामुळे डीपीच्या आत होणारी घटही जवळजवळ नाहीशी होते. शेवटच्या घराच्या भल्यासाठी घेतलेली उंची दुपारच्या वेळी त्याच शेवटच्या घराच्या वाटेत उभी राहते.

हे किती गंभीर आहे, याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. लघुदाब वाहिन्यांवर ‘वीझल’ या जातीची ॲल्युमिनियमची तार पुष्कळ ठिकाणी आढळते (तारांच्या जाडीला प्राण्यांची नावे देण्याची ही ब्रिटिश परंपरा असून वायरमनच्या तोंडी ‘रॅबिट’ आणि ‘डॉग’ ही नावेही सर्रास असतात). या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 0.91 ओहम असतो. डीपीपासून 300 मीटरवरच्या एका घरावर 3 किलोवॅटचे पॅनेल आहे, घरात वापर शून्य आहे आणि सारी वीज एकाच फेजमधून बाहेर जात आहे, असे धरले तर प्रवाह सुमारे 13 अँपिअर होतो. जाण्याची फेजची आणि परतीची न्यूट्रलची अशा दोन्ही तारांचा रोध मिळून दाब जवळजवळ 7 व्होल्टने चढतो. एका घराने 7 व्होल्ट! आणि वरची मोकळीक किती? 254 उणे 250, म्हणजे चार.

पण येथे थांबणे चुकीचे ठरेल, कारण या हिशेबातला खरा बोध पुढच्या पायरीवर आहे. त्याच शेवटच्या टोकाला तशीच सहा घरे असून ती सहाही एकाच फेजवर जोडलेली असतील तर चढ 43 व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे गणित कागदावरच कोसळते, कारण त्याआधी कितीतरी इन्व्हर्टर बंद पडलेले असतील. तीच सहा घरे दोन-दोन करून तीन फेजांवर वाटली तर काय होते? तीन फेजांचे समान प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करतात, परतीची तार जणू हिशेबातून वगळली जाते, प्रत्येक फेजवरचा प्रवाहही एक तृतीयांश होतो, आणि चढ 43 वरून थेट 7 व्होल्टवर येतो. पॅनेल तेवढीच, तार तीच, ऊन तेवढेच. फरक केवळ कोणते घर कोणत्या तारेला जोडले याचा, आणि तो सहापट. सौरविजेच्या दाबाविषयी लिहिल्या जाणाऱ्या जाडजूड अहवालांत हा सहाचा आकडा जितक्या ठळकपणे यायला हवा तितका येत नाही, ही खेदाची बाब आहे. कदाचित शिडी आणि पक्कड यांनी सुटणाऱ्या प्रश्नाला प्रतिष्ठा कमी मिळते.

याच संदर्भात एक विचित्र परिणाम नोंदवण्यासारखा आहे. एका फेजवरून वीज बाहेर पडत असते तेव्हा न्यूट्रलची तार स्वतः शून्यावर स्थिर राहत नाही, ती सरकते; परिणामी त्या फेजवरचा दाब चढतो आणि उरलेल्या दोन फेजांवरचा दाब किंचित उतरतो. एकाच इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाने दुपारी दाब जास्त असल्याची आणि दुसऱ्याने त्याच वेळी तो कमी असल्याची तक्रार केली, तर दोघांपैकी कोणी खोटे बोलत आहे असे समजण्याचे कारण नाही.

मग नियम काय सांगतो? महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2015 च्या नियमांत एका डीपीवर जोडल्या जाणाऱ्या छतांवरील एकूण सौरक्षमतेला डीपीच्या क्षमतेच्या 40 टक्क्यांची मर्यादा होती. 2019 च्या नियमांनी ती 70 टक्क्यांपर्यंत नेली. 100 केव्हीएच्या डीपीवर याचा अर्थ 3 किलोवॅटची सुमारे तेवीस छते असा होतो. ही तेवीस छते डीपीच्या जवळ, तीन फेजांवर नीट विखुरलेली असतील तर काहीही बिघडणार नाही. त्यातली सहाच छते शेवटच्या खांबावर आणि एका फेजवर असतील तर पट्टी फाटेल, आणि नियमाच्या नजरेत मात्र अजून सतरा छतांना जागा शिल्लक असेल. नियम डीपी मोजतो, तार मोजत नाही. डीपी तापून जळू नये ही त्याची चिंता आहे आणि ती योग्यच आहे, पण दाबाचा प्रश्न डीपीच्या पोटात नव्हे, डीपीच्या पुढे निर्माण होतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’ने देशातील एक कोटी घरांचे उद्दिष्ट समोर ठेवले आणि 3 किलोवॅटपर्यंतच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान दिले, त्याहून मोठ्या संचाला अनुदान वाढत नाही, त्यामुळे घरमालकाचा कल साहजिकच 3 किलोवॅटकडे, म्हणजे व्यवहारात एकाच फेजवरच्या जोडणीकडे झुकतो. त्याच महिन्यात वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन 10 किलोवॅटपर्यंतच्या संचाचा अर्ज तांत्रिक व्यवहार्यता तपासल्याविनाच मंजूर समजला जावा, असे ठरले. या दुरुस्तीमागचे कारण समजण्यासारखे आहे. तपासणीच्या नावाखाली अर्ज महिनोन् महिने पडून राहत आणि ती तपासणी पुष्कळदा कागदापुरतीच असे. पण वाईट तपासणी रद्द करताना ‘हे घर कोणत्या खांबावर, कोणत्या फेजवर’ हे विचारण्याची एकुलती एक वेळही निघून गेली. अनुदान लहान, एकफेजी संचाला. मंजुरी न विचारता. आणि मर्यादा केवळ डीपीला. या तिन्ही निर्णयांचे स्वतंत्रपणे समर्थन करता येते. एकत्र आले की ते सारे शेवटच्या खांबावर येऊन पडतात.

तेथे घडते काय? वितरित वीजनिर्मितीच्या जोडणीविषयी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2013 मध्ये घालून दिलेल्या तांत्रिक नियमांप्रमाणे दाब नाममात्र मूल्याच्या 110 टक्क्यांच्या वर किंवा 80 टक्क्यांच्या खाली गेला की संचाने दोन सेकंदांच्या आत जाळ्यापासून विलग झाले पाहिजे. हे सुरक्षेसाठी आहे आणि त्याला पर्याय नाही. इन्व्हर्टरमध्ये नाममात्र दाब 230 नोंदवला असेल तर ही सीमा 253 व्होल्टला येते. दुपारी बाराच्या सुमारास, तेही विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र दिवशी, कारण थंड पॅनेल तापलेल्या पॅनेलपेक्षा जास्त वीज देते आणि घरात ना पंखा चालू असतो ना कूलर, शेवटच्या खांबावरचा इन्व्हर्टर सीमा ओलांडतो आणि बंद पडतो. तो बंद पडला की दाब उतरतो, काही मिनिटांनी तो पुन्हा सुरू होतो, दाब पुन्हा चढतो, तो पुन्हा बंद पडतो. डीपीजवळच्या घराला यातले काहीही दिसत नाही. त्याचा संच दिवसभर सुखाने चालतो, आणि त्याने तारेत सोडलेल्या विजेमुळे चढलेल्या दाबाची किंमत टोकाचे घर मोजते. अनुदान दोघांना सारखे, कर्जाचा हप्ता दोघांना सारखा, युनिटे मात्र सारखी नाहीत.

यावर बाजाराने स्वतःचा एक तोडगा काढला आहे, आणि तो म्हणजे ‘सेटिंग वाढवून देणे’. संच बसवणारा कारागीर इन्व्हर्टरच्या मेनूमध्ये जाऊन वरची सीमा काही व्होल्टने चढवतो, संच बंद पडायचा थांबतो, ग्राहक समाधानी होतो. शेजाऱ्याच्या फ्रिजला याची कल्पनाही नसते. ज्या घरावर पॅनेल नाही आणि परवडणारही नाही, त्या घरातली उपकरणेही त्याच तारेवर आहेत, ही गोष्ट या तोडग्यात कोठेच येत नाही.

उपायांकडे वळताना एक भ्रम आधी दूर केला पाहिजे. आधुनिक इन्व्हर्टर प्रतिघाती शक्ती शोषून दाब उतरवू शकतो, असे सांगितले जाते आणि ते खरे आहे. प्रतिघाती शक्ती म्हणजे प्रत्यक्ष काम न करता तार आणि यंत्राची चुंबकीय क्षेत्रे यांच्यात मागेपुढे हेलकावे खाणारी शक्ती. ती शोषली की दाब खाली येतो. परंतु हा उपाय मुळात उच्चदाबाच्या वाहिन्यांसाठी प्रभावी आहे, कारण तेथे तारेच्या रोधापेक्षा तिचा प्रतिघात, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा अडथळा, मोठा असतो. गल्लीतल्या बारीक तारेत उलट स्थिती असते. वीझल तारेचा प्रतिघात तिच्या रोधाच्या निम्म्याहूनही कमी असल्याने इन्व्हर्टरने आपला शक्तिगुणक, म्हणजे एकूण शक्तीतला प्रत्यक्ष काम करणारा हिस्सा, 0.9 पर्यंत खाली आणला तरी तारेतला चढ सुमारे एक पंचमांशानेच कमी होतो, आणि त्या बदल्यात प्रवाह वाढून तारेतला अपव्यय जवळजवळ चौथ्या हिश्श्याने वाढतो. डीपीच्या आत आणि 11,000 व्होल्टच्या वाहिनीवर या उपायाचा लाभ अधिक होतो, म्हणून तो टाकाऊ नाही. मात्र तो एकटा गल्ली सावरू शकत नाही.

डीपीचा टॅप बदलणे हा दुसरा मार्ग. मोठ्या रोहित्रांना अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांचा टॅप असतो, परंतु तो वीज बंद करूनच फिरवता येतो, त्यामुळे दुपारी खाली आणि संध्याकाळी वर अशी त्याची कवायत रोज करता येत नाही. एक पायरी कायमची उतरवली तर दुपार सुधारते आणि संध्याकाळ बिघडते. चालू भारावर आपोआप टॅप बदलणारी रोहित्रे उपकेंद्रात असतात. जर्मनीत ती गल्लीच्या पातळीपर्यंतही आणली गेली आहेत, पण प्रत्येक डीपीला तसे यंत्र बसवणे खर्चाच्या दृष्टीने सोपे नाही. तार जाड करणे हा निःसंशय उपाय आहे आणि तो महाग आहे. त्यावर अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

राहिला दुपारचा वापर. पाण्याचा पंप, गिझर, विजेवर चालणाऱ्या दुचाकीचे चार्जिंग ही कामे ऊन असताना उरकली तर वीज घरातच जिरते आणि तारेवर चढतच नाही. राज्यात 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत देण्याचे जे धोरण आले, ते या दिशेचे आहे. तरीही नेट मीटरिंगचा ग्राहक, ज्याची दुपारी बाहेर गेलेली वीज बिलात वजा होऊन परत मिळते, तो गिझरची वेळ का बदलेल? त्याच्यासाठी तार ही फुकटची बॅटरी आहे. बॅटरीला मर्यादा आहे, एवढेच त्याच्या बिलावर कोठे छापलेले नसते.

या प्रश्नाला मोठ्या प्रमाणात सामोरा गेलेला देश म्हणून ऑस्ट्रेलियाचे नाव घ्यावे लागते, कारण तेथे दर तीन घरांमागे एकाहून अधिक छतांवर पॅनेल आहेत. तेथील नियमांप्रमाणे डिसेंबर 2021 पासून बसवलेल्या प्रत्येक इन्व्हर्टरला एकदम बंद पडण्याआधी टप्प्याटप्प्याने माघार घ्यावी लागते: दाब 253 व्होल्टच्या वर गेला की तो आपली निर्मिती हळूहळू कमी करतो आणि 260 व्होल्टला ती पाचव्या हिश्श्यावर आणतो. म्हणजे ‘चालू किंवा बंद’ ऐवजी ‘थोडे कमी’. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वितरण कंपनी एसए पॉवर नेटवर्क्स याच्याही पुढे गेली. गजबजलेल्या भागांत तिने ग्राहकासमोर दोन पर्याय ठेवले: वर्षभर कायम 1.5 किलोवॅटच बाहेर सोडण्याची परवानगी, किंवा इन्व्हर्टर कंपनीच्या संकेताशी जोडून तारेवर जागा असेल तेव्हा 10 किलोवॅटपर्यंत, नसेल तेव्हा कमी. येथे तारेवरची मोकळी जागा ही मोजण्याची आणि वाटण्याची वस्तू म्हणून समोर आली.

वाटायची, तर कोणत्या तत्त्वावर? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. तो येथे विजेआधी पाण्यावर विचारला गेला आहे. कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी आणि वाहिनीच्या टोकाचे घर यांची स्थिती एकसारखी नसली तरी गाऱ्हाणे एकाच जातीचे आहे: वरच्याने किती घेतले यावर खालच्याचे ठरते. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे जी पाणी पंचायत उभी केली, तिने पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी दिले, माणशी अर्ध्या एकराचा हिशेब ठेवून कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा घातली, भूमिहीनांनाही वाटा ठेवला आणि उसाला मज्जाव केला. आज तारेवरची जागा ज्या तत्त्वावर जाते, ते तत्त्व कोणते? जो आधी अर्ज करील त्याची, आणि जो डीपीच्या जवळ राहतो त्याची. या तत्त्वाचे समर्थन आजवर कोणी केलेले नाही, कारण ते कोणी निवडलेलेच नाही. ते आपोआप लागू झाले आहे. दरडोई नव्हे तर दर-मीटर काही किमान किलोवॅट प्रत्येक घरासाठी राखून ठेवायचे, मग त्या घरावर आज पॅनेल असो वा नसो, आणि उरलेली जागा दाबानुसार कमी-जास्त होणारी ठेवायची, अशी रचना कल्पनेबाहेरची नाही. तिच्यात मोठ्या छपराचा थोडा तोटा आहे. नायगावातही उसाचा तोटा होताच.

अर्थात वाटप करायचे तर आधी मोजमाप हवे, आणि येथे परिस्थिती लाजिरवाणी आहे. वितरण कंपनीला उपकेंद्रापर्यंतचा दाब क्षणाक्षणाला दिसतो. डीपीच्या पुढे मात्र अंधार आहे. शेवटच्या खांबावर दुपारी बारा वाजता किती व्होल्ट होते, हे इन्व्हर्टरला ठाऊक असते, इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला ठाऊक असते, ग्राहकाच्या मोबाइलमधल्या ॲपलाही ठाऊक असते. तार ज्यांची आहे त्यांनाच ठाऊक नसते. स्मार्ट मीटरांविषयी बराच वाद झाला आणि त्यातला मोठा भाग बिलाविषयी होता; परंतु हे मीटर प्रत्येक घराच्या दारात दाबाची नोंद ठेवू शकते, आणि एका डीपीवरच्या सर्व मीटरांच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या तर कोणते घर कोणत्या फेजवर आहे, हेही खांबावर न चढता ओळखता येते, कारण एकाच फेजवरची घरे एकाच क्षणी चढतात आणि एकाच क्षणी उतरतात.

मीटर बसेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. नवी जोडणी देताना वायरमन जी फेज हाताशी असेल, किंवा जिच्यावर भार कमी वाटेल, तिला घर जोडतो, आणि भार कमी आहे हा त्याचा अंदाज संध्याकाळच्या अनुभवावर बेतलेला असतो, दुपारच्या नव्हे. प्रत्येक डीपीसाठी एक वही, वहीत खांबांचे क्रमांक, प्रत्येक खांबावरच्या घरापुढे आर, वाय किंवा बी या फेजांच्या नावांपैकी एक अक्षर आणि त्यापुढे छतावरचे किलोवॅट, एवढी नोंद असली तर सौर संचाच्या प्रत्येक नव्या अर्जाच्या वेळी कोणती फेज द्यायची, हे उभ्या उभ्या सांगता येईल. आणि जेथे सहा घरे आधीच एका फेजवर गेली आहेत, तेथे त्यांतली चार घरे दुसऱ्या तारांवर हलवायला तास-दोन तासांची वीज बंद ठेवावी लागेल, शक्यतो दुरुस्तीच्या ठरलेल्या दिवशी, कारण बंदची सवय गावाला त्या दिवशी असतेच.